कशाच्या मानानं?

परभणीत एप्रिल-मेमध्ये कुणालाही भेटा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लय ऊन पडायलंय बगा." समोरच्यानं "लयच" म्हणायचं, रुमालानं मान पुसायची आणि मग कामाचं बोलायचं. आमच्या सरांपुढे मात्र या वाक्याची सोय नव्हती. ते जागच्या जागी थांबायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि विचारायचे, "लय म्हंजे? कशाच्या मानानं?"

कॉलेजच्या गेटवरचा चहावाला एकदा बिचारा म्हणाला, "सर, बेचाळीस हाय आज." झालं. "अरे बाबा, बेचाळीस हाय ते मोबाईलवर मलाबी दिसायलंय. पण इथं मे महिन्यात रोज किती असतं? चाळीस, एक्केचाळीस. मग एका डिग्रीसाठी एवढी बोंब? हेच बेचाळीस जानेवारीत पडलं असतं तर मीच पहिला पळालो असतो की." चहावाल्यानं विषय बदलावा म्हणून विचारलं, "साखर जास्त टाकू का कमी?" सर म्हणाले, "कशाच्या मानानं?" त्यानं ग्लास त्यांच्यापुढे आदळला आणि तो भजी तळायला निघून गेला.

सर कृषी महाविद्यालयात आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. शेतकीच्या पोरांना हा विषय म्हणजे एरंडेल, नाक दाबून एकदाचा घ्यायचा आणि विसरायचा. सरांना त्याची काही खंत नव्हती. शिडशिडीत माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा बुशशर्ट आणि पँटच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके. काहीही मोजायचं असलं की शंभराला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. घर मूळचं सेलूचं, घराणं कापसाच्या आडतीतलं. त्यामुळे कापूस हातात घेतला की बोटांनी चोळून बघायची सवय होती, पण व्यापार काही त्यांना जमला नाही. गिऱ्हाईकाशी भाव ठरवता ठरवता हे त्यालाच विचारत असणार, "महाग म्हंजे कशाच्या मानानं?" असा आमचा सगळ्यांचा कयास.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा. पहिल्या वर्षी माझ्या गुणपत्रिकेत मृदाशास्त्राला बहात्तर आणि संख्याशास्त्राला अठ्ठेचाळीस पडले. मी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून रडत होते. सर जाता जाता थांबले. "काय झालं बाई?" मी गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती निरखून बघितली आणि म्हणाले, "मातीत बाकीच्यांना किती?" मी म्हटलं, सगळ्यांना अडुसष्ट ते शहात्तर. "आन माझ्या पेपरात?" वीसपासून पन्नासपर्यंत. सर खूश झाले. "मग माझ्या पेपरात तू वरून दुसरी हायस. मातीत समदे एका ढिगात बसलेत, त्यात तूबी मधोमध. रडायचंच असंल तर मातीसाठी रड. अठ्ठेचाळीससाठी खामखा कशाला डोळे खराब करायलीस?"

मी रडायची थांबले, कारण आता कशासाठी रडावं तेच समजेना. पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट डोक्यात घातली, ती काही निघाली नाही. आकडा नुसता बघायचा नाही. तो ज्या कळपातला आहे तो कळप किती पसरलाय, ते आधी बघायचं. पुस्तकात याला प्रमाण विचलन म्हणतात. सर त्याला 'पसारा' म्हणायचे.

बैलाचा किस्सा तर अजून कॉलेजात सांगतात. एका पिकावर अनेक गोष्टींचा परिणाम एकाच वेळी मोजायचा, याला मल्टिपल रिग्रेशन म्हणतात. तो धडा चालू होता. सर म्हणाले, "एका जुवाखाली दोन बैल. गाडी चालली. आता सांगा, कुणी किती वढली?" मागून कुणीतरी म्हणालं, "डावा जाडा आहे सर, त्यानं." सर म्हणाले, "जाडा हाय म्हणून वढतो? मग आपल्या वर्गातले जाडे कोण कोण, उभं ऱ्हावा." हशा पिकला. सरांचं तेवढ्यानं समाधान होईना. आख्खा वर्ग घेऊन ते कॉलेजच्या शेतावर गेले आणि तिथल्या गड्याला म्हणाले, "एक बैल काढा. एकट्याला किती वढतंय ते बगू." गडी म्हणाला, "सर, एकल्याला जुपलं तर बसंल त्यो." "बसू द्या. बसला तर तेबी कळंल."

बैल बसला. असा बसला की तासभर उठेना. शेपूट पिरगाळून झालं, कडब्याची पेंढी दाखवून झाली. शेताचे अधिकारी तावातावानं धावत आले, सरकारी बैलाचं काही बरंवाईट झालं तर कोण भरणार म्हणून ओरडायला लागले. सर शांतपणे आमच्याकडे वळले. "लिहून घ्या. सोबतीनं वढणाऱ्यातला एक काढला की दुसऱ्याचं बळ कळतंच असं न्हाई. कधी कधी नुसता बैल बसतो." परीक्षेत हा प्रश्न आला आणि अर्ध्या वर्गानं उत्तरात बैलाचं चित्र काढलं. सरांनी चित्राला अर्धा गुण दिला.

एम.एस्सी.ला मी कापूस घेतला. आमच्या बोरीच्या शिवारात एकाला एकरी उतारा चांगला येतो आणि शेजारच्याला निम्माच, असं का, हा माझा विषय. बोरीपासून देवगाव फाट्यापर्यंत साठ शेतकऱ्यांची रानं मी स्कूटीवर फिरून बघितली. काळी माती किती फूट खोल, सरकी किती दिवस उशिरा लावली आणि शंभर ठिकाणांमागे किती खाडे. खाडे म्हणजे जिथं बी उगवलंच नाही किंवा रोप मेलं, त्या रिकाम्या जागा. घरचं रान मात्र मी मुद्दाम घेतलं नाही. आपल्याच बापाच्या रानाचे आकडे घेतले असते तर माझा हात जरा तरी वाकडा पडला असता.

तारखेची मात्र एक पंचाईत झाली. सरकी कधी लावली असं विचारलं की तारीख कुणी सांगेना. "मिरगाच्या शेवटाला." "आर्द्रा लागून तीन दिवस झाले व्हते." सगळा हिशेब नक्षत्रांचा. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि सगळ्यांचे दिवस काढले. कॉम्प्युटरनं निकाल दिला. इथं आकडे जरा सोपे करून सांगते. जमीन एक फूट जास्त खोल असली तर एकरी शंभर किलो कापूस जास्त. लावणी एक दिवस उशिरा झाली तर बारा किलो कमी. शंभरात एक खाडा वाढला तर नऊ किलो कमी. शंभर कुठं आणि नऊ कुठं? मी ठोकून लिहिलं, सगळ्यात मोठा परिणाम जमिनीचा, सगळ्यात किरकोळ खाड्यांचा. माझ्या गाईडनी मान डोलावली. मी त्याच रविवारी आनंदानं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करून सांगितलं, "अण्णा, झालं बघा माझं. सगळा खेळ जमिनीचा आहे."

अण्णा नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल.

सर माझ्या सल्लागार समितीत होते, म्हणून मग मसुदा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सह्यांपुरतं काम, दहा मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं. सरांनी तक्ता बघितला. "पैला नंबर जमिनीचा? कसं ठरवलंस?" मी म्हटलं, "गुणक सगळ्यात मोठा आहे सर." सरांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. मग म्हणाले, "लॅपटॉप उघड. लावणीचे दिवस काढ आणि शेतकऱ्यानं सांगितली तशी नक्षत्रं टाक."

मी टाकली. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. बारा किलोचे एकदम एकशे अडुसष्ट झाले. लावणी जमिनीच्या डोक्यावर जाऊन बसली.

"आता पैला नंबर कुणाचा?" सर म्हणाले.

"सर, पण याला काही अर्थ आहे का? मी फक्त एकक बदललंय!"

"मग मी दुसरं काय म्हणायलोय? सकाळी जमीन पैली, दुपारी लावणी पैली. कापूस तोच, रान तेच. उद्या जमीन फुटाच्या जागी बोटांनी मोजलीस तर तीच शेवटला जाईल. कोण खोटं बोलायलंय, सांग."

सरांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. या साठ रानांत जमिनीचा पसारा किती? फक्त पाव फूट, सगळीकडे जवळजवळ सारखीच काळी माती. लावणीचा पसारा सहा दिवस. खाड्यांचा अकरा. मग ज्याच्या त्याच्या पसाऱ्यानं गुणलं. जमिनीचे पंचवीस किलो, लावणीचे बहात्तर, खाड्यांचे नव्याण्णव. माझा तक्ता डोक्यावर उभा राहिला. ज्याला मी किरकोळ म्हटलं होतं ते सगळ्यात वर आलं.

"आन एक लिही," सर म्हणाले, "की हे फक्त या साठ रानांपुरतं. उद्या यात मुरमाड रानं मिसळलीस तर जमिनीचा पसारा वाढंल आणि ती पुन्हा वर यील. आकड्याचा नंबर कायमचा नसतो. आणि जो खाडे ठेवतो तो निंदणीलाबी मागंच ऱ्हात असंल, त्यामुळं समदा दोष खाड्यांच्या माथी मारू नको."

मी चिडले होते. सबमिशनला पंधरा दिवस राहिले होते, शेवटचा धडा पुन्हा लिहावा लागणार होता आणि गाईडचं तोंड बघावं लागणार होतं. तरी मनात म्हटलं, बरं झालं छापायच्या आधी सापडलं. अण्णांनाही सांगून टाकावं म्हणून संध्याकाळी फोन लावला.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आता उशीर झाला. मी रान बटईनं द्यायलोय. पाडव्याला शब्द द्यायचा हाय. तुझ्या भावाकडं पुण्याला जातो. तिथं सोसायटीत वॉचमन पायजे म्हणे."

बटई म्हणजे रान दुसऱ्याला वाट्यानं कसायला द्यायचं; आमच्याकडे हे सालाचे करार पाडव्याला ठरतात आणि एकदा शब्द दिला की दिला. पाडव्याला चार दिवस होते. मी म्हटलं, "अण्णा, असं एकाएकी?"

"एकाएकी कसं? तीन साल झाले, उतारा पडतच चाललाय. जमीन हलकी झाली म्हणून मनात येतच व्हतं. मग तूच म्हणलीस, समदा खेळ जमिनीचा. पुस्तकात आल्यावर आता काय बोलायचं?"

"ते चुकलं होतं अण्णा. सगळ्यात मोठा परिणाम खाड्यांचा आहे."

"गेल्या ऐतवारी एक सांगितलंस, आज दुसरं सांगायलीस. उद्या तिसरं सांगशील. दोन-चार झाडं गेल्यानं कुठं उतारा पडतो व्हय?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याची चाकरी केली नाही तो माझ्या एका तक्त्यामुळं कुणाच्या तरी गेटवर खुर्ची टाकून बसणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत जाऊन त्यांच्यावरच ओरडले. वास्तविक त्यांचा काय दोष? पण समोर तेच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पऱ्हाट्या उपटल्या का त्यांनी?" पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात उरलेली वाळकी झाडं. मी म्हटलं, अजून नाही. "मग चल. खाडे अजून मोजता येतात. थिसिसात टाकायचे न्हाईत, पण मोजायला काय हरकत हाय?"

जिंतूरच्या एसटीनं आम्ही बोरीला उतरलो. अण्णांनी सरांना चहा दिला, उन्हात कशाला म्हणून दोनदा अडवलं, शेवटी डोक्याला उपरणं गुंडाळून सोबत निघाले. सरांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि बांधाकडची पहिली ओळ धरली. एकेका ठिकाणाशी थांबायचे. पऱ्हाटी असली तर पुढं, नसली तर मोठ्यानं "खाडा" म्हणायचे. शंभर झाले. अठ्ठावीस खाडे, माझ्या साठ रानांची सरासरी होती सोळा. एक चिंचोका उजव्या खिशात गेला.

"ही बांधाची ओळ हाय," अण्णा म्हणाले, "हितं डुकरं येतात."

"बराबर. मग मधली घेऊ."

मधली ओळ. एकतीस. "हितं पाणी साचतं," अण्णा म्हणाले. "मग विहिरीकडची घेऊ," सर म्हणाले. विहिरीकडच्या ओळीत अण्णांना राहवलं नाही, ते स्वतःच पुढं होऊन मोजायला लागले. पन्नासच्या पुढे त्यांचा आवाज बारीक होत गेला. सव्वीस. आता सांगायला ना डुकरं होती ना पाणी. ते तिथंच ढेकळावर बसले.

सरांनी तिसरा चिंचोका हातातच ठेवला, पुढची ओळ काही धरली नाही. मला हे नवीनच होतं.

मग अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे खाडे ती भरायची."

ती म्हणजे माझी आई. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गेली.

"सरकी लावून आठ दिस झाले की सकाळचं उठून यायची. वटीत बी, हातात खुरपं. मी फवारणीच्या, खताच्या मागं असायचो. मला वाटायचं, समदं आपोआप उगवतंय. आपलं रान चांगलं हाय, म्हणून उगवतंय. मी कधी मोजलंच न्हाई." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अन ती गेल्यावर मी म्हणायलो, जमीन हलकी झाली."

मला रडू आवरलं नाही. साठ शेतकऱ्यांना मी खाड्यांचा प्रश्न विचारला होता, पण ते भरतं कोण, हे एकालाही विचारलं नव्हतं. लहान असताना मी स्वतः त्या ओळींमधून तिच्या मागं फिरले होते आणि तरी माझ्या तक्त्यात मी तिच्या कामाला किरकोळ म्हटलं होतं.

आणि अशा वेळी सरांनी घसा खाकरला. "हे एकच रान हाय. तीन सालांत पाऊसपाणीबी बदललं असंल. नुसत्या खाड्यांमुळं उतारा पडला, असं मला सांगता येणार न्हाई." मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. पण ते अण्णांच्या शेजारी ढेकळावर टेकले आणि म्हणाले, "तेवढं सांगायला मला पुरावा लागतो. खाडे भरायला तुमाला लागत न्हाई. बी लागतं."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. "लय वंगाळ माणूस हायसा तुमी," ते म्हणाले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हसले.

पाडव्याला बटईवाला सकाळीच आला. अण्णांनी त्याला पुरणपोळी वाढली, तोंड भरून बोलले आणि शब्द मात्र दिला नाही. "एक साल थांब," म्हणाले. भावाचा फोन आला, वॉचमनची जागा गेली म्हणून तो माझ्यावर रागावला. माझं सबमिशन पंचवीस दिवस लांबलं, गाईड त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटचा धडा मी पुन्हा लिहिला आणि त्यात सरांनी सांगितलेली सगळी 'पण' आणि 'तरी' घातली.

जूनच्या शेवटी सरकी उगवून वर आली, तेव्हा मी घरी गेले. रानात बघते तर सर. एसटीनं एकटेच आले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बियांची पिशवी. अण्णा त्यांच्यावर ओरडत होते, "सर, एवढं खोल न्हाई! दोन बोटं, दोन! तुमी तर विहीर खणायलात." सर मुकाट्यानं माती परत ओढत होते. कॉलेजात ज्यांना प्राचार्यसुद्धा काही बोलायला धजत नसत, ते आमच्या रानात असे शिव्या खाताना बघून मला हसू आवरेना.

दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. अण्णा ओळीच्या टोकाशी कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले. झालेल्या ओळींकडे आणि मग अजून करायच्या ओळींकडे त्यांनी नजर टाकली.

"बाई," ते म्हणाले, "कंबर मोडती गं यात. तिनं एकदाबी सांगितलं न्हाई."

मी चपला बांधावर काढल्या, त्यांच्या धोतराच्या ओच्यातलं अर्धं बी माझ्या ओढणीत घेतलं आणि पाचवी ओळ धरली.